आवा पेटवण्याआधी

रणपिसे सरांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘भौतिक बदल’, उजवीकडे ‘रासायनिक बदल’, आणि वर्गाकडे वळून उदाहरणं मागितली. बर्फाचं पाणी झालं ते डावीकडे गेलं, कागद जळला तो उजवीकडे. मेण, गंज, दुधाचं दही, सगळं आपापल्या घरी जाऊन बसलं. ही सगळी उदाहरणं पुस्तकातच होती, त्यामुळे कोणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मी हात वर केला आणि म्हणाले की मडकं वाळतं ते डावीकडे लिहा आणि मडकं भाजतं ते उजवीकडे.

वर्ग हसला. कुंभाराच्या पोरीला मडक्याशिवाय दुसरं काय सुचणार, असं ते हसणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सरांनी मात्र दोन्ही उदाहरणं डावीकडेच लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की वाळताना मातीतलं पाणी जातं आणि भाजतानाही पाणीच जातं. उन्हात थोडं, आगीत जास्त, एवढाच फरक. आकार तोच राहतो, माती तीच राहते.

“नाही सर,” मी म्हणाले.

मी तशी उद्धट मुलगी नव्हते. मधे दोन वर्षं शाळा सुटली होती, त्यामुळे अठराव्या वर्षी दहावीत बसले होते आणि सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच असल्याने होता होईतो गप्पच असे. पण मातीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येईल याची सवय नव्हती. सर शहरातले. त्यांनी जन्मात फक्त भाजलेली मडकी विकत घेतलेली. कच्च्या मडक्याला हात लावायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून दोन पणत्या नेल्या, एक नुसती वाळलेली आणि एक भाजलेली. सरांनी प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं पाण्याने भरून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही त्यात सोडल्या. कच्च्या पणतीतून बारीक बुडबुडे निघाले. मग तिची चोच गळाली, कड ढासळली, आणि तास संपायच्या आत भांड्याच्या तळाशी नुसता चिखल उरला. भाजलेली पणती शेजारी तशीच बसून होती. सरांनी ती आठ दिवस पाण्यात ठेवली. रोज येऊन बघत. नवव्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुन्हा रेघ मारली, मडकं भाजणं उजवीकडे लिहिलं आणि पन्नास मुलांसमोर म्हणाले, “माझं चुकलं होतं. शेवंताचं बरोबर होतं. कच्ची माती परत माती होते, भाजलेली होत नाही.”

मोठा माणूस ‘माझं चुकलं’ म्हणतो आणि त्याचं काहीच बिघडत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मला शिक्षिका व्हायचं होतं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, बरं. आबा, म्हणजे माझे वडील, काहीच म्हणाले नाहीत. ते मुळात बोलतच कमी. चाकावर बसले की तासन्‌तास त्यांचा आवाज कानावर पडत नसे. घरातलं बोलायचं काम थोरल्या तात्यांकडे होतं. तात्या आबांचे मोठे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, मी एकुलती एक, त्यामुळे माझ्यावर हक्क सांगायला माणसं भरपूर होती. बाजार तात्या बघत, भावकी तात्या सांभाळत, सोयरिकी तात्या जमवत. नीरेच्या काठी आमची कुंभारआळी सात घरांची, आणि सातही घरांत तात्यांचा शब्द चाले. माणूस वाईट नव्हता. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या होत्या.

आमच्या घरात एक रीत होती. आळीतल्या दुसऱ्या कोणत्या घरात ती नव्हती. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, रचून लिंपून झाला की पेटवण्याआधी आबा घरातल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारत, “काय ऱ्हायलं का?” प्रत्येकाने म्हणायचं, “काय न्हाई.” सगळ्यांचं उत्तर आल्याशिवाय आगीला हात लावायचा नाही. ही रीत माझ्या आजोबांपासूनची. एकदा त्यांनी आवा पेटवला आणि आतल्या पेंढ्यात मांजरीने चार पिल्लं घातलेली होती. आजी आधी सांगायला आली होती, पण घाईत तिचं कोणी ऐकलं नव्हतं. आजोबांनी पुढे महिनाभर चाकाला हात लावला नाही. त्यानंतर ही विचारपूस सुरू झाली आणि आजोबा गेल्यावर आबांनी ती चालू ठेवली. विचारणाऱ्याला मात्र कोणी विचारत नसे. ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली आणि पेपर संपल्याच्या आठवड्यातच तात्यांनी स्थळ आणलं. फलटणकडची माणसं, आमच्याच जातीतली, पण मडकी सोडून विटांच्या धंद्यात गेलेली. तीन वीटभट्ट्या, स्वतःचा ट्रक. मुलगा दिसायला बरा, बोलायला नरम. मला नाव ठेवायला जागा नव्हती आणि हीच पंचाईत होती. मुलगा दारुडा असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

सुपारी फुटली. वैशाखातली तारीख निघाली.

रणपिसे सरांना कळलं तसे ते सायकलवरून घरी आले. आईने चहा केला, तात्यांनी घोंगडी अंथरली, सगळं रीतसर झालं. सर म्हणाले, जूनमध्ये निकाल लागेल, मुलगी चांगल्या गुणांनी पास होणार, साताऱ्याला डी.एड.ला नंबर लागेल, दोन वर्षांत पोरगी शाळेत शिकवायला लागेल. लग्न दोन वर्षं थांबवता येईल का. तात्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. पोरगी हुशार आहे यात वाद नाही, असंही म्हणाले. पण शब्द दिलाय, आणि तिकडच्या लोकांना घरात माणूस हवंय, साताऱ्याच्या वसतिगृहात नको. हवं तर लग्नानंतर शिकवतील. हे शेवटचं वाक्य तात्यांना स्वतःलाही खरं वाटत नव्हतं, पण पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून ते बोलले.

सर निघताना आबांकडे बघत होते. आबा अंगणात माती तुडवत होते. त्यांनी मान वर केली, सरांना हात जोडले आणि पुन्हा पाय चालू केले.

मला त्या दिवशी आबांचा राग आला. पुढे बरेच दिवस तो मनात होता, आणि तो कमी कसा झाला तेच मी सांगतेय.

कुंभाराच्या घरात लग्न म्हणजे काम दुप्पट. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना मडक्यांच्या चार उतरंडी लागतात, खाली मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी पाच पाच. गावातल्या सगळ्या लग्नांना ही मडकी आमच्याकडून जात. आता आमच्याच घरची वीस मडकी घडवायची होती. आबांनी ती स्वतः घडवली, कोणाला हात लावू दिला नाही. आठ दिवस सावलीत, मग चार दिवस उन्हात. मी येता जाता बघत होते. इतकी एकसारखी मडकी आबांच्या हातूनही क्वचित उतरली असतील. प्रत्येक मडकं वाळताना रंग बदलत होतं, ओलं काळपट, मग राखाडी, मग फिकट. पूर्ण फिकट झालं की भाजायला तयार.

आवा रचला तो शुक्रवार होता. खाली गोवऱ्या, मग भाताचं तूस, मग माठ आणि घागरी पालथ्या, मधे काटक्या, आणि सगळ्यात वरच्या थरात उतरंडीची वीस मडकी. वर ताव बेताचा लागतो, लग्नाचं मडकं काळं पडू नये म्हणून ते वर. त्यावर पेंढा, आणि पेंढ्यावर राख-मातीचं ओलं लिंपण. दिवस कलायला लागला होता. तात्यांनी चिमट्यात गोवरी धरून ती पेटवून आणली. ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी फलटणचे लोक मांडव बघायला येणार होते.

आबांनी हात झटकले आणि विचारायला सुरुवात केली.

“दादा, काय ऱ्हायलं का?”

“काय न्हाई,” तात्या म्हणाले.

“वयनी, काय ऱ्हायलं का?”

काकू म्हणाल्या, काय न्हाई.

मग आई. आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पायाकडे बघत म्हणाली, “काय न्हाई.”

“शेवंता, काय ऱ्हायलं का?”

मी बंड वगैरे करायचं ठरवलं नव्हतं. इतकं धाडस माझ्यात असतं तर मी सर आले होते तेव्हाच बोलले असते. पण ते दोन शब्द तोंडातून निघेनात. लहान होते तेव्हापासून मी ते शेकडो वेळा म्हटले होते, आणि प्रत्येक वेळी खरं म्हटलं होतं. आव्यासमोर खोटं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आबा थांबले. मग त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, जरासुद्धा न चढवता. “शेवंता, काय ऱ्हायलं का?”

तात्या म्हणाले की उशीर होतोय, गोवरी विझेल. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि तेव्हा मला दिसलं की ते तिसऱ्यांदा विचारतील, चौथ्यांदा विचारतील, रात्र झाली तरी विचारत राहतील. पंधरा दिवस हा माणूस गप्प होता तो याच जागेची वाट बघत होता. दुसरीकडे कुठे त्यांना बोलता येत नव्हतं. थोरल्या भावासमोर उभ्या जन्मात त्यांनी आवाज काढला नव्हता. पण इथे विचारायचा हक्क त्यांचा होता.

“मला मास्तरीण व्हायचंय, आबा,” मी म्हणाले. “लगीन नको म्हणत न्हाई. आत्ता नको.”

तात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. “सुपारी फुटलीया,” ते म्हणाले. “आता काय इचारतोस तिला?”

“कच्ची हायत तवर इचारायचं असतंय, दादा,” आबा म्हणाले. “भाजल्यावर इचारून काय करायचं?”

आणि त्यांनी आव्याचं लिंपण दोन्ही हातांनी फोडलं.

पेंढा बाजूला केला. वरच्या थरातली मडकी दोन दोन करून उचलली आणि माती भिजवायच्या हौदाकडे नेऊन पाण्यात सोडली. दहा खेपा झाल्या. तात्यांच्या चिमट्यातली गोवरी जळत खाली आली तशी त्यांनी ती जमिनीवर टाकून पायाने विझवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मी हौदापाशी गेले. आत बुडबुड्यांचा बारीक आवाज चालला होता. गळे ढासळत होते, पोटं उमलून पसरत होती. वर्गातल्या पणतीसारखंच सगळं चाललं होतं, फक्त इथे माझं लग्न होतं. मला रडू आलं. ते सुटकेचं होतं, आणि त्या मडक्यांसाठीही होतं. इतकी सुंदर मडकी मी पुन्हा पाहिली नाहीत.

आबा शेवटची दोन सोडून माझ्या शेजारी उभे राहिले. “माती कुटं जात न्हाई,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी आवा पुन्हा लिंपला आणि पुन्हा सगळ्यांना विचारलं. या वेळी मी “काय न्हाई” म्हणाले. तात्या समोर नव्हते. आबा त्यांच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, “दादा, काय ऱ्हायलं का?” आतून उत्तर आलं नाही. अंधार पडेपर्यंत आबा तिथेच उकिडवे बसून होते. उत्तर आलं नाही म्हणून आवा पेटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, त्यांचं मी सांगते, काय न्हाई. तेव्हा कुठे आबांनी आग लावली.

फलटणचे लोक निघायच्या आत तात्या पहाटेच तिकडे जाऊन शब्द मोडून आले. त्यांना तिथे काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर त्यांनी भावकीतल्या कोणाची सोयरीक जमवली नाही. आबांशी ते बोलायचे थांबले. अंगणाच्या त्यांच्या बाजूला त्यांनी स्वतःचा वेगळा आवा घातला. विहीर एक, चिंच एक, आणि दोन भाऊ सकाळी एकाच चिंचेखाली तोंड धुवायचे, एकमेकांकडे पाठ करून. निरोप बायकांच्या तोंडून जायचे. आबा अधूनमधून बोलायला बघत. एकदा तर नवीन माठ घेऊन तात्यांच्या दारात जाऊन उभे राहिले होते. तात्यांनी काकूंना सांगितलं, घरात माठ आहे म्हणावं.

मी साताऱ्याला गेले, शिकले, कोरेगावजवळच्या शाळेत लागले. लग्नही पुढे झालं, माझ्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी. तात्या त्या लग्नाला आले, जेवले, मला आहेर केला, आणि आबा पंगतीत वाढायला आले तेव्हा पान झाकून उठले.

अकरा वर्षं असं चाललं. मग माघातल्या एका सकाळी आबा चाकावर बसल्या बसल्या गेले. चाक फिरत होतं आणि त्यांचं डोकं खाली होतं, असं आई म्हणाली.

बायकांनी अंत्यविधीला नदीवर जायची आमच्याकडे रीत नव्हती. मी गेले. कोणी अडवलं नाही, मास्तरीणबाईंना काय सांगायचं म्हणून असेल. आबांना मुलगा नव्हता, अग्नी देणं थोरल्या भावाकडे आलं. तात्या सत्तरीला पोचले होते. मडक्याची प्रदक्षिणा झाली, मडकं फुटलं. भटजींनी खूण केली. कोणीतरी पेटती गोवरी तात्यांच्या हातात दिली, आणि ती हातात आल्यावर ते थांबले.

त्यांचा हात सवयीने थांबला असावा. आवे वेगळे होईपर्यंत चाळीस वर्षं पेटती गोवरी हातात धरली की त्या घरात कोणीतरी विचारायचं. विचारणारा आज समोर लाकडांवर होता. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग स्वतःच विचारलं, आबांच्या आवाजात, आबांच्या चालीवर.

“शेवंता, काय ऱ्हायलं का?”

“काय न्हाई,” मी म्हणाले. ते खरं होतं. माझं जे राहिलं होतं ते अठराव्या वर्षी ऐकून घेतलं गेलं होतं.

तात्यांनी मान हलवली आणि पाऊल पुढे टाकलं. आळीतली बाकीची माणसं एकमेकांकडे बघू लागली, ही रीत त्यांच्या घरांत नव्हती. मी मात्र आजवर कोणी जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“तात्या, तुमचं काय ऱ्हायलं का?”

ते माझ्याकडे वळले. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं. त्यांनी गोवरी माझ्या हातात दिली, लाकडाला धरून खाली बसले आणि आबांच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होते. भटजींनी एकदा उन्हाकडे पाहिलं, पण घाई केली नाही.

मग तात्या उठले. मी उत्तराची वाट बघत उभी होते. आमच्या घरात आगीसमोर खोटं बोलायची पद्धत नव्हती, आणि तात्यांनी ‘काय न्हाई’ म्हटलं नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला.

मी गोवरी त्यांच्या हातात दिली.